लाल रंगाचा फटकारा

गेल्या आठवड्यात तीन दिवसांचं काम मी स्वतःच्या हातानं मातीत घातलं. सवयीनं नमुन्यात आम्ल ओतलं आणि जे शोधायचं तेच गेलं. व्हिएन्नात संध्याकाळचे पाच, म्हणजे कोल्हापुरात साडेआठ. तोंड पाडूनच घरी फोन लावला.

"नेमकं करतोस तरी काय रे तिथं?" आप्पांचा हा प्रश्न जुनाच. उत्तर सापडलं ते त्यांच्याच शिरोलीच्या फाउंड्रीत.

आप्पा तिथं माल तपासायला होते. सुट्टीत मी डबा घेऊन जायचो. एकेक कास्टिंग उलटसुलट करायचं, हातोडीनं हलकं ठोकून आवाज ऐकायचा, ब्लो होल, म्हणजे ओतताना राहिलेलं हवेचं छिद्र, दिसलं की लाल ऑइलपेंटचा फटकारा. तो माल परत भट्टीत.

माझा गडी म्हणजे बॅसिलस सबटिलिस, मातीतला जिवाणू. त्याला आम्ही ३७ अंशांवरून एकदम ५० वर नेतो. उष्णतेनं प्रथिनांची घडी विस्कटते, ती एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे व्हायला लागतात. तेव्हा एमसीएस-बी नावाचं एन्झाइम बिघडलेल्या प्रथिनातल्या आर्जिनिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसवतं. एरवी आर्जिनिनवर धन प्रभार असतो, फॉस्फेटनं तिथं ऋण येतो. झाला लाल फटकारा! क्लप-सी हे सहा भागांचं कडं ती खूण ओळखून प्रथिनाला धरतं, उसवतं आणि क्लप-पीच्या पोकळ पिंपात ओढून घालतं. आत त्याचे तुकडे पडतात, आणि शेवटी सुटी झालेली अमिनो आम्लं नव्या प्रथिनांना लागतात. ही खूण म्हणजे भट्टीचा परवाना, हे २०१६ साली इथंच, व्हिएन्नात, टिम क्लाउझेन यांच्या गटानं दाखवलं.

आपल्या पेशींत याच कामाला युबिक्विटिन लागतं, ७६ अमिनो आम्लांचं आख्खं प्रथिन. त्याच्या खुणेनं प्रथिनं मोडीत निघतात, या शोधाला २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. जिवाणू फॉस्फेटवर भागवतो. पेठेतला दुकानदार शोभेल.

आप्पा ऐकत होते. मग म्हणाले, "आणि चांगल्या मालावर रंग पडला तर? आम्ही थिनरनं पुसायचो."

मी गारच. आर्जिनिनवरचं फॉस्फेट उतरवणारं वेगळं एन्झाइम या जिवाणूत आहे, आणि ते मला वाचून कळलं होतं, आप्पांना नुसत्या अंदाजानं! मग आम्लाचंही सांगून टाकलं. ही खूण आम्लात टिकत नाही, त्यामुळे नेहमीच्या पद्धतींनी ती सहज हाती लागत नाही.

"म्हणजे सगळ्या मालाला तूच थिनर फासलास की लेका!"

मागून आईचं हसू ऐकू आलं. आज पुन्हा फ्लास्क ५० अंशांवर लावलेत. आम्लाची बाटली शेजारच्या खोलीत ठेवून आलोय.