ज्वारीवरचं पाखरू ग्रीसमध्ये गातंय!

मेचा पहिला आठवडा, ग्रीसचं लेसवॉस बेट, सकाळचे सहा. कालोनीच्या मिठागराशेजारी गाडी लावली आणि काच खाली केली तर समोर रोहितच रोहित (म्हणजे फ्लेमिंगो), शेकाटे, उचाट्या, सगळे गुडघाभर पाण्यात. इथं गाडीतच बसून बघायचं असतं, खाली उतरलं की पक्षी लांब सरकतात. आफ्रिकेतून युरोपात निघालेले हजारो पक्षी वसंतात या बेटावर दम खायला उतरतात, म्हणून एप्रिल-मेमध्ये अख्ख्या युरोपातून पक्षीवेडे इथं येतात, आम्ही दोघं यंदा जर्मनीहून आलो.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्याच पक्ष्याबद्दल.

मिठागरावरून ऑलिव्हच्या बागांकडे वळलो तर विजेच्या तारेवर एक पक्षी, पिवळंधमक पोट, तांबूस पाठ आणि काळंभोर डोकं. काळ्या डोक्याचा भारीट! अहो, हा तर आपल्या सोलापूरकडचा! म्हणजे हिवाळ्यातला. युरोपातले बहुतेक पक्षी थंडीत आफ्रिकेला जातात, हा मात्र पूर्वेला वळतो, तुर्कस्तान, इराण ओलांडून थेट आपल्याकडं येतो, आणि वजन किती तर पंचवीस-तीस ग्रॅम. लहानपणी मी माळ्यावर उभा राहून गोफण फिरवून ज्वारीवरनं यांचेच थवे उठवलेत. तेव्हा डोकं एवढं काळं नसायचं, कारण नव्या पिसांच्या कडा फिकट असतात, त्या हिवाळाभर झिजत जातात आणि खालचा काळा रंग वर येतो.

आणि तो गात होता. रानात यांची चिवचिव खूप ऐकलीय पण गाणं कधीच नाही, ते इथलंच, जोडीदारीण मिळवायला म्हटलेलं. सुरुवातीला अडखळत चिट-चिट, मग एकदम घरंगळत खाली येतं. दहा मिनिटं मी नुसता ऐकत उभा होतो, डोळे भरून आले खरंच.

नंतर अहलादेरीच्या पाईनच्या जंगलात क्रूपरची शिलींध्री बघितली, हे चिमुकलं पाखरू ग्रीसमध्ये फक्त याच बेटावर सापडतं, बाकी सगळे टेलिस्कोप लावून तिच्यासाठीच थांबले होते. छान होती. पण माझं मन तारेवरच.

दुपारी स्काला कालोनीत सार्डिन खाता खाता रेकॉर्डिंग तात्यांना व्हॉट्सॅपवर पाठवलं. लगेच फोन.

"आपल्या ज्वारीवर येतंय तेच का रं हे?"

"तेच तात्या."

"मग तिकडं काय खातंय? ज्वारी हाय का तिकडं?"

म्हटलं नाही, इथं पिल्लांना किडे, टोळ भरवतं, जुलै-ऑगस्टमध्ये परत निघेल तुमच्याकडं.

तात्या थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "येऊ दे."