मोबाइल जप्त करताना पंचनाम्यात काय असायला हवं

नाकाबंदीत थांबवून 'फोन उघड, चॅट दाखव' म्हणणं ही झडतीच आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितलं. वॉरंटशिवाय झडती घ्यायची तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम १८५ नुसार अधिकाऱ्याने कारणं लेखी नोंदवायची असतात. त्या नोंदीची प्रत ४८ तासांत दंडाधिकाऱ्याकडे जायला हवी. याच संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरणही बंधनकारक आहे.

खरी गडबड होते ती पंचनाम्यात. 'एक काळा मोबाइल' एवढं लिहून भागत नाही! मॉडेल, दोन्ही आयएमईआय क्रमांक (हँडसेटची ओळख पटवणारे क्रमांक, *#०६# दाबले की दिसतात), सिम, मेमरी कार्ड, फोन चालू होता की बंद, सील कुठे लावलं, हे सगळं यायला हवं. कोऱ्या कागदावर सही अजिबात करू नका. जप्तीनंतर फोन नेटवर्कवर राहिला तर नवे मेसेज येत राहतात, आतला डेटा बदलतो. नंतर काढलेली हॅश व्हॅल्यू (डेटावरून काढलेला, डेटा बदलला की बदलणारा आकडा) मग जप्तीच्या क्षणाबद्दल काहीच सांगत नाही. म्हणून फोन एअरप्लेन मोडवर टाकल्याची वेळही लिहून घ्या.

पासवर्डचा प्रश्न अजून वादाचा आहे. राज्यघटनेचा अनुच्छेद २०(३) आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याच्या सक्तीपासून वाचवतो. पण कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पासवर्ड देणं त्यात मोडत नाही असं म्हटलं. त्यामुळे पासवर्ड देण्याआधी वकिलाशी बोला. फोन परत हवा असेल तर अर्ज न्यायालयात करायचा, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली.