दीड वाटी शेंगदाणा तेल

सकाळी सव्वासहाला फोन. पलीकडून धायरीच्या काकू. "दादा, तुमच्या पुठ्ठ्यावर साप आलाय."

तुमच्या पुठ्ठ्यावर, असं म्हणाल्या. खरंच होतं ते. पाचच दिवसांपूर्वी मी तो ग्लू पॅड, म्हणजे उंदीर चिकटवायचा गोंदाचा पुठ्ठा, त्यांच्या ओट्याखाली, सिलिंडरच्या शेजारी ठेवून आलो होतो. पेस्ट कंट्रोलमध्ये मला चौदा वर्षं झाली. उंदीर, झुरळ, वाळवी, ढेकूण सगळं केलंय. साप मात्र आपला विषय नाही. म्हटलं, "काकू, स्वयंपाकघराचं दार लावून घ्या, खाली फटीत टॉवेल कोंबा आणि कुणी आत जाऊ नका." मग एका सर्पमित्राला उठवलं. त्याची माझी ओळख अशाच एका कामावर झालेली.

तो येईपर्यंत मी पोचलो. ऑगस्टचा पाऊस, तळमजल्याचा फ्लॅट, मागे नाला. नातू म्हणत होता, "मण्यार आहे, मी फोटो बघितलाय." काकूंचं वेगळंच चाललं होतं. "नागपंचमी होऊन आठ दिवस नाही झाले हो. त्या दिवशी मी विळीला हात लावला नाही, तवा ठेवला नाही. आणि आता हे!" यावर काय बोलणार. मी चपला काढून गप्प उभा राहिलो.

मित्राने आत जाऊन बॅटरी मारली आणि दारातूनच सांगितलं, "कवड्या आहे. बिनविषारी."

तरी नातवाची समजूत पटेना, तेव्हा त्याने त्याला लांबूनच दाखवलं. कवड्याचे पांढरे पट्टे मानेपासूनच सुरू होतात, पुढे ठळक असतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारचं उलटं. तिच्या मानेजवळ पट्टे नसतात किंवा पुसट असतात, मागे ठळक होतात, आणि पुष्कळदा जोडीजोडीने असतात. पाठीच्या मधोमध खवल्यांची एक ओळ मोठी, षटकोनी. "पण हे सगळं सांगतोय ते ऐकायला," तो म्हणाला. "ओळखता आला म्हणून हात लावायचा नाही. मण्यार चावलेली पुष्कळांना कळतसुद्धा नाही."

मग मी वाकून पुठ्ठा बघितला. साप जेमतेम दीड फुटाचा, हनुवटीपासून पोटापर्यंत चिकटलेला, फक्त शेपटीचा शेंडा हलत होता. त्याच्यापासून चार बोटांवर एक पाल, मेलेली, तिची शेपटी तुटून वेगळी पडलेली. आणि कडेला सहा-सात झुरळं. सगळा क्रम पुठ्ठ्यावर लिहून ठेवल्यासारखा होता. झुरळं चिकटली म्हणून पाल आली, पाल अडकली म्हणून कवड्या आला. कवड्याचं मुख्य खाणं पालीच.

काकूंनी दारातून विचारलं, "आणि उंदीर?"

उंदीर नव्हता.

साप सोडवायला सव्वा तास लागला. मी ओढायला हात पुढे केला तर मित्राने मनगटच धरलं. "ओढलास तर खवले निघतील, कातडी फाटेल." आधी वर्तमानपत्राचे तुकडे करून मोकळ्या गोंदावर चिकटवले, म्हणजे सुटलेला भाग परत बसणार नाही. मग तेल मागितलं. काकूंनी शेंगदाण्याचं आणलं, घरात दुसरं नव्हतं. चमच्याने कडेकडेने थेंब सोडायचे, दोन मिनिटं थांबायचं, बोटाने हलकेच सरकवायचं, परत तेल. गोंद पाण्याला दाद देत नाही, तेलाने मात्र सैल पडतो. हनुवटीशी त्याने कापूस गुंडाळलेली काडी वापरली, नाकपुडीत तेल जाऊ नये म्हणून. डोकं सुटलं त्या क्षणी सापाने त्याच्या हातमोज्याला कडकडून चावा घेतला. मित्र हसला. "जीव आहे अजून."

दीड वाटी तेल गेलं. साप पिशवीत. तो म्हणाला, दोन दिवस ठेवून बघतो, उरलेला गोंद पुढच्या कातीबरोबर जाईल, वनविभागाला कळवून सोडतो. जाताना माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "महिन्याला तीन-चार येतात रे मला असे. तुमच्या पुठ्ठ्यांवरचे."

मला काही नवीन नव्हतं, खरं सांगायचं तर. पुठ्ठ्यावर उंदीर कसा मरतो हे मी चौदा वर्षं बघत होतो. ओढून ओढून केस निघतात, तोंड बुडालं तर गुदमरतो, नाहीतर भुकेने आणि तहानेने एक-दोन दिवस काढतो. गिऱ्हाईक विचारायचं, "जिवंत आहे, काय करू?" मी सांगायचो, "घडी घाला आणि घंटागाडीत टाका." घडी घातली की दिसत नाही. पुठ्ठा आम्हाला सोयीचा पडतो. औषधाचा केक ठेवला तर उंदीर चार-पाच दिवसांनी कुठेतरी माळ्यावर मरतो आणि वासाच्या तक्रारी येतात. पिंजरा लावला तर पकडलेला सोडायचा कुठे, हा प्रश्न. पुठ्ठ्यावर गिऱ्हाइकाला पैसे वसूल झालेले डोळ्यांनी दिसतात. केंद्राच्या प्राणी कल्याण मंडळाने राज्यांना याविरुद्ध लिहिलंय, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात हे बसत नाही, हेही मला माहीत होतं. दुकानात खोका होता, मी वापरत होतो.

पण त्या दिवशी मला जास्त लागलं ते काकूंचं "आणि उंदीर?" हेच. कारण तो घरातच होता. पुठ्ठा आणि भिंत यांच्यामधून त्याच्या लेंड्यांची ओळ गेली होती, तांदळाच्या दाण्याएवढ्या, टोकदार. काकू लादी पुसताना पुठ्ठा वीतभर पुढे सरकवत होत्या. उंदीर भिंतीला अंग घासत पळतो. तो शांतपणे मागून जात होता. (लोकांना हा बारका उंदीर म्हणजे मोठ्याचं पिल्लू वाटतं. तसं नाही, घरउंदराची जातच वेगळी आणि तो पूर्ण वाढला तरी तेवढाच.)

पहिल्या भेटीत मी ओट्याखाली बॅटरीसुद्धा मारली नव्हती. दहा मिनिटांचं काम, पुठ्ठा ठेवला, पावती फाडली. आता पालथा झोपून बघितलं. सिंकचा वेस्ट पाइप दीड इंची, आणि प्लंबरने भिंतीला भोक पाडलेलं चार इंची. त्यात जुनं फडकं कोंबलेलं, ते कुरतडून मधोमध बोगदा. भोकाच्या कडेला काळपट तेलकट पट्टा, रोज एकाच वाटेने अंग घासल्याचा. पेन्सिल आत जाईल एवढी फट या उंदराला पुरते. इथे तर माझी मूठ जात होती. पाल काय, साप काय, सगळ्यांचा हाच दरवाजा.

फडकं उपसलं. बारीक तारेची जाळी चेपून बसवली, वरून सिमेंट, सिमेंटमध्ये काचेचा चुरा. मोरीच्या जाळीला स्क्रू मारले. आत राहिलेल्यासाठी भिंतीला चिकटवून पिंजरा लावला, भाकरीच्या तुकड्याला शेंगदाण्याचं कूट लावून. काकूंना शेंगदाण्याची पिशवी डब्यात भरायला लावली. तिसऱ्या रात्री उंदीर सापडला.

दुपारी मालकांना सांगितलं की मी यापुढे पुठ्ठे लावणार नाही. ते म्हणाले, "गिऱ्हाईक मागतं." मी म्हटलं, "गिऱ्हाईक उंदीर घालवायला सांगतं. पुठ्ठा आपण काढतो पिशवीतून." ते काही बोलले नाहीत. खोका अजून दुकानात आहे, दुसरी पोरं नेतात. माझ्या पिशवीत तेव्हापासून जाळीचं भेंडोळं आणि सिमेंटची पुडी असते, आणि एका घराला दहा मिनिटांऐवजी तास लागतो. त्यावरून बोलणी बसतात.

काकूंकडे भोक बुजवायचे मी दोनशे सांगितले. त्यांनी तेलाचे पैसे वजा करून दिले.

महिन्याभराने परत त्यांचा फोन. उंदीर नाही आता, पण पाली फार झाल्यात, त्याला काही आहे का? मी म्हटलं, "काकू, झुरळं खातात त्या. राहू द्या."

"राहू द्या म्हणायला काय जातंय तुमचं," त्या म्हणाल्या. "भाजीच्या कढईवर तुमच्या घरात नाही ना उभी राहत."