तीन ओळींचा क्रम

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. मी लिनक्स कर्नलमधल्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या, स्टोरेज मॉड्यूलवर काम करते, बाणेरला ऑफिस. सकाळी पावसात युनिव्हर्सिटी चौकात अडकले होते तेवढ्यात सपोर्टमधल्या मित्राचा फोन, "अगं लवकर ये, कस्टमरच्या टेस्ट मशीनवर रीबूटनंतर फाइलसिस्टिम माउंटच होत नाहीये, डिस्कवरच्या फाइली उघडतच नाहीयेत."

आमचं मॉड्यूल म्हणजे हार्डडिस्कच्या पुढे वेगवान एसएसडीची कॅश, म्हणजे तात्पुरता साठा, आणि तीही राइटबॅक, म्हणजे लिहिलेला डेटा आधी एसएसडीवर जातो आणि सवडीने डिस्कवर उतरतो. इथे हिशोब चुकला की डेटा गेलाच समजा.

दुपारपर्यंत मी हेक्सडंप, म्हणजे एसएसडीवरचे कच्चे बाइट, घेऊन बसले. जो ब्लॉक 10 एमबीवर असायला हवा तो मला 640 केबीवर सापडला. दुसरा 20 एमबीवरचा, तो 1280 केबीवर. तिसराही तसाच. प्रत्येक वेळी बरोबर सोळाने भाग जातोय! आमचा डिफॉल्ट ब्लॉक 4 केबीचा आणि या कस्टमरचा 64 केबीचा, म्हणजे सोळापट, तिथेच पोटात गोळा आला.

बूट स्क्रिप्ट उघडली. सिसएफएस म्हणजे कर्नलची सेटिंग्ज फाइलींच्या रूपात दाखवणारी जागा. तिथल्या तीन फाइलींमध्ये लिहिणारे तीन इको, बस. एसएसडीचा पाथ, ब्लॉक साइज, कॅशचा मोड. आधी ब्लॉक साइज पहिली होती, कुणीतरी स्क्रिप्ट नीटनेटकी करताना पाथ वर घेतला. आता पाथ लिहिल्या लिहिल्या आमचं मॉड्यूल डिव्हाइस जोडून मोकळं व्हायचं, 4 केबी धरून. मग ब्लॉक साइज लिहायला गेलं की "डिव्हाइस बिझी" एरर, ती स्क्रिप्टने बघितलीच नाही, आणि तिसऱ्या ओळीने राइटबॅक चालू. एसएसडीच्या हेडरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या नोंदीत, 64 लिहिलेलं होतं पण आम्ही ते ताडून बघत नव्हतो.

मीटिंगमध्ये पहिलं वाक्य आलं, "स्क्रिप्टवाल्याने एरर चेक करायला हवी होती." मला ते अजिबात पटलं नाही. सिसएफएसचा नियमच आहे एका फाइलीत एक व्हॅल्यू, मग तीन व्हॅल्यू एकमेकींवर अवलंबून असतील तर अर्धवट अवस्था येणारच, आणि त्या अर्धवट अवस्थेत डिव्हाइस चालू होऊ देणं ही आमची चूक होती, ज्याने ओळी हलवल्या त्याची नाही.

आमचे सीनियर म्हणाले आयऑक्टल करू, म्हणजे प्रोग्रॅममधून कर्नलला थेट कॉल, एका स्ट्रक्चरमध्ये सगळं एकदम पाठवता येईल. खरंय, पण 32 बिटच्या प्रोग्रॅमने 64 बिटच्या कर्नलला स्ट्रक्चर दिलं की 64 बिटच्या फील्डची अलाइनमेंट, म्हणजे मेमरीतली जागा, एक्स86 प्रोसेसरवर बदलते, मधले रिकामे बाइट (पॅडिंग) हाताने सांभाळावे लागतात, आणि रात्री दोन वाजता मशीनवर बसलेल्या माणसाला नुसती फाइल कॅट करून, म्हणजे वाचून, काय सेट आहे ते दिसत नाही. तो रात्रीचा माणूस माझ्या डोळ्यांसमोर होता.

मी कॉन्फिगएफएस मांडलं, सिसएफएससारखीच फाइलींची जागा. 2006 पासून, कर्नलच्या 2.6.16 आवृत्तीपासून मेनलाइनमध्ये, म्हणजे मुख्य लिनक्समध्ये आहे. सिसएफएसमध्ये ऑब्जेक्ट कर्नल बनवतो, इथे आपण एमकेडिर करून डिरेक्टरी बनवायची की ऑब्जेक्ट तयार. नल-ब्लॉक नावाचा टेस्टिंगचा ड्रायव्हर हेच करतो, डिरेक्टरी बनवा, हव्या त्या क्रमाने फाइली भरा, शेवटी पॉवर फाइलीत 1 लिहा, तेव्हाच डिव्हाइस जन्माला येतं. सगळी तपासणी त्या एका क्षणी! सीनियर थोडा वेळ बोर्डाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "कर, पण जुन्या फाइली काढायच्या नाहीत हं, लोकांच्या स्क्रिप्ट आहेत त्यांवर." बरोबरच होतं ते, एकदा दिलेला इंटरफेस परत घेता येत नाही. म्हणून जुन्या फाइली ठेवल्या, पण त्यात पाथ लिहिला की आता नुसता नोंदवून ठेवायचा, जोडणी तिन्ही आल्यावरच.

रात्री नऊला पहिला प्रयत्न फसला. पाथ बरोबर, तरी "नो सच फाइल". इको शेवटी न्यूलाइन जोडतो ना! आकडे वाचणारी कर्नलची फंक्शन्स ती चालवून घेतात, पण पाथ मी तसाच पुढे दिला होता. कडेची मोकळी जागा कापणारं स्ट्रिम फंक्शन लावलं, झालं. ब्लॉक साइजच्या फाइलीच्या नावातच केबी टाकलं, कारण कर्नलमध्ये आम्ही 512 बाइटच्या सेक्टरमध्ये मोजतो आणि बाहेरच्याने ते ओळखावं ही अपेक्षाच चूक. हेडरशी ताडणंही घातलं.

टेस्टिंगमधली मैत्रीण थांबली होती. तिने तीन ओळी उलटसुलट केल्या, सहाच्या सहा क्रम चालवले, सगळ्यांत डिव्हाइस 64 वरच जोडलं गेलं. मग मुद्दाम 4 दिला. डीमेसगमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, ओळ आली: हेडरमध्ये 64 केबी, मागितले 4 केबी, डिव्हाइस चालू केलं नाही.

"आता जेवायला चल," ती म्हणाली.