आमची वाटचाल: डीबीवरचं (वीज वाटपाच्या पेटीवरचं) आमचं स्टिकर

आमची फर्म घरगुती लाकूडकामाच्या वर्कशॉपचं वायरिंग आणि लाइटिंग करते. घरामागची खोली असो, गॅरेज असो की पत्र्याची शेड, जिथे कुणाला टेबल सॉ (टेबलात बसवलेली गोल करवत) आणि प्लेनर (रंधा मारणारं मशीन) बसवायचा असतो तिथे आम्ही जातो. याला आता १८ वर्षं झाली.

सुरुवात दोघांची. मी आणि माझा भागीदार एकाच कॉन्ट्रॅक्टरच्या हाताखाली तयार झालो आणि एकाच दिवशी बाहेर पडलो. दोघांत मिळून एक क्लॅम्प मीटर, एक क्रिंपिंग प्लायर आणि हाताने फिरवायचा ५०० व्होल्टचा एक मेगर (वायरीचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) एवढंच भांडवल. तो मेगर अजून माझ्याकडे आहे. हँडल जोरात फिरवायचं, आतला क्लच घसरायला लागल्याचं हाताला कळतं, मग काटा एका जागी उभा राहतो आणि तेव्हाच वाचायचं. त्याआधी वाचलेला आकडा खोटा. आज बटण दाबलं की आकडा दाखवणारा मेगर आमच्या पोरांकडे आहे, तरी नवीन पोराला पहिला महिना मी जुनाच फिरवायला लावतो. १ मेगओहम आला की पुस्तकाप्रमाणे पास, पण नव्या कोरड्या वायरिंगला एवढा कमी आकडा आला तर आम्ही काम ताब्यात देत नाही. कुठेतरी खिळा घुसलेला असतो नाहीतर ओल असते.

घराचं वायरिंग करणाऱ्याला वर्कशॉप सोपं वाटतं. पॉइंट कमी, भिंती उघड्या, पट्टी मारली की झालं. पण वर्कशॉपची परीक्षा मोटर सुरू होते त्या पहिल्या सेकंदाला होते. २ एचपीची सिंगल फेज मोटर चालताना साधारण १० अँपिअर घेते, सुरू होताना ६० च्या आसपास. मीटरपासून वर्कशॉप २० मीटर लांब आणि दीडची (दीड चौरस मिलिमीटर जाडीची) वायर टाकलेली, तर त्या क्षणी वायरीतच ३० व्होल्टच्या वर खाल्ले जातात. २३० चे २०० सुद्धा उरत नाहीत. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने कमी होतो, म्हणजे सुरुवातीचा पाव जोर तिथेच गेला. मोटर नुसती गुणगुणत राहते, पातं उचलत नाही, आणि चार-सहा महिन्यांत कपॅसिटर नाहीतर वाइंडिंग जळतं. मग माणूस मशीन विकणाऱ्याशी भांडतो. तिथे चारची वायर टाकली की हाच ड्रॉप १२ व्होल्टवर येतो. एमसीबीचंही (जादा करंटला आपोआप उडणाऱ्या स्विचचंही) तसंच. १६ अँपिअरचा बी कर्व्ह (क्षणिक झटक्याला लवकर उडणारा प्रकार) ४८ ते ८० अँपिअरमध्ये कुठेही उडू शकतो, ६० ला तो टिकेल याची खात्री कोण देणार? मशीनला सी कर्व्हच लावा. मोटर उचलायलाच जड असेल तर डी.

आमचे पहिले गिऱ्हाईक म्हणजे एक निवृत्त गणित शिक्षक. आम्ही त्यांना सरच म्हणतो. घराला लागून ५ बाय ४ मीटरची खोली, मधोमध टेबल सॉ, आणि उजेड म्हणून पाठीमागच्या भिंतीवर जुन्या चोकची एकच ट्यूब. कापाच्या रेघेवर सरांचीच सावली पडायची. त्यांनी आम्हाला बोलावलं होतं ते दोन जादा ट्यूब लावायला. मी शिडी लावत होतो तेव्हा ते म्हणाले, “थांबा, आधी एक गोष्ट बघा.” त्यांनी सॉ चालू केला आणि माझ्या कानावर त्यांचा मफ चढवला. पातं पूर्ण वेगात होतं, पण डोळ्यांना दिसत होतं की ते हळूहळू, मिनिटाला तीसएक फेऱ्यांनी फिरतंय. बंद केल्यावर थांबत आलेलं पातं दिसतं अगदी तसं. “परवा मी असाच तुकडा उचलायला हात पुढे केला होता,” सर म्हणाले.

मग प्लायवुडच्या तुकड्यावर पेन्सिलने त्यांनी हिशेब मांडला. मोटरवर थेट बसवलेलं पातं, २८८० आरपीएम, म्हणजे सेकंदाला ४८ फेरे. ५० हर्ट्झवर चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा तेज-मंद होते. दोन तेजांच्या मध्ये पातं ०.४८ फेरा जातं, ४० दातांच्या पात्याचे १९.२ दात. दात सगळे सारखे असल्याने डोळा १९ दात गिळतो आणि फक्त ०.२ दात सरकलेले पाहतो. सेकंदाला २० दात, अर्धा फेरा. ६० दातांचं पातं लावलं तर हाच हिशेब उलटा येतो, पातं मागे फिरताना दिसतं. तो प्लायचा तुकडा मी मागून घेतला. ऑफिसात माझ्या टेबलामागे टांगलेला आहे.

चोक काढून इलेक्ट्रॉनिक बॅलास्ट लावले आणि तो भास गेला. आता सगळीकडे एलईडी आहेत, तरी निर्धास्त राहू नका. स्वस्त ड्रायव्हरचा (आतल्या सप्लाय सर्किटचा) एलईडीसुद्धा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूटिंग करून बघा, पट्टे सरकताना दिसले की तो दिवा मशीनच्या वर नको. उजेड किती हवा, हेही अंदाजाने ठरवू नका. मशीनवर ५०० लक्स (दर चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन, म्हणजे उजेडाचं माप), जोडणीच्या बेंचवर ३००, पॉलिशला ७५०. सरांची खोली २० चौरस मीटर, ५०० लक्स म्हणजे कामाच्या उंचीवर १०,००० ल्युमेन. भिंती, धूळ, छताची उंची यांत बराच उजेड जातो, म्हणून दिव्यांतून १७,००० तरी निघायला हवेत. २,००० ल्युमेनच्या आठ-नऊ ट्यूब. ऐकायला जास्त वाटतात. लावल्यावर एकाही गिऱ्हाइकाने एक काढा म्हटलेलं नाही. आणि सँडिंगच्या बेंचला एक दिवा बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर ठेवा. वरच्या उजेडात गुळगुळीत दिसणाऱ्या फळीवर आडव्या उजेडात सगळे ओरखडे उभे राहतात.

भागीदाराला हा हिशेब नको होता. त्याचं म्हणणं, गिऱ्हाईक पॉइंटचे पैसे देतं, लक्सचे नाही. चारच्या जागी अडीच टाकू, कोण बघतंय? तिसऱ्या वर्षी आम्ही वेगळे झालो. मेगर मी घेतला, क्लॅम्प मीटर त्याने. पुढची सात वर्षं कामं येत राहिली, दोनाचे पाच जण झालो.

आणि मग ते जळीत झालं.

आम्ही दोन वर्षांपूर्वी केलेलं एक वर्कशॉप होतं. सहा सर्किट, प्रत्येकावर नंबर, डीबीच्या दारावर आमचं स्टिकर. एका दुपारी तिथलं फॉल्स सिलिंग पेटलं. कुणाला इजा झाली नाही, पण अर्धं छत आणि सुकत ठेवलेलं सगळं लाकूड गेलं. संध्याकाळपर्यंत माझ्या जुन्या भागीदाराने आमच्या सामाईक ओळखीच्या निम्म्या लोकांना फोन करून झाले होते: वायरिंग त्यांचं आहे, डीबीवरचं स्टिकर बघून या. मला त्या गिऱ्हाइकाचा फोन दुसऱ्या दिवशी आला. मी म्हटलं, येतो, उघडून बघू. ते म्हणाले, तुम्ही पाऊल टाकू नका.

दोन आठवड्यांत ठरलेली चार कामं रद्द झाली. मशीन विकणारे जे आमचं नाव सुचवायचे, ते सुचवेनासे झाले. दोन पोरं सोडून गेली. त्यांना मी दोष देत नाही, त्यांना घर चालवायचं होतं. गाडी विकली आणि सामान खांद्यावर घेऊन फिरलो. सहा महिन्यांत जेवढं काम झालं, तेवढं पूर्वी तीन आठवड्यांत व्हायचं.

त्या काळात सरांनी आपल्या वर्कशॉपचं सगळं वायरिंग नव्याने करायला आम्हाला दिलं. सगळे पैसे आगाऊ. मी म्हटलं, सर, तुमचं जुनं अजून चांगलं आहे. ते म्हणाले, “मला थिकनेसर (फळी एका जाडीची करणारं मशीन) आणि डस्ट कलेक्टर (भुसा ओढून घेणारं मशीन) घ्यायचाय. आणि त्या जळलेल्या छताखाली मी तुमच्याबरोबर येणार आहे.” त्यांनीच त्या गिऱ्हाइकाला फोन केला, झाकण उघडू द्या, मग काय म्हणायचं ते म्हणा.

गेलो. डीबीच्या दाराच्या आत माझ्या अक्षरातली चिठ्ठी तशीच होती: लाइट, सर्किट ४, १० अँपिअर. तिच्या समोर चौथ्या जागेवर ३२ अँपिअरचा एमसीबी बसवलेला होता. सरांनी चिठ्ठी मोठ्याने वाचली, मग एमसीबीवरचा आकडा वाचला. कुणी काही बोललं नाही. छतात शिडी लावून मी आमची वायर पकडत पकडत गेलो. आमचे लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेले), नंबरच्या बारक्या फेरुल (कड्या), सगळं जागेवर. लाइटच्या जंक्शनपाशी दीडच्या वायरीला वेगळ्या रंगाची एक वायर पिळून जोडलेली होती, वर टेप. टेप आता टेप राहिलाच नव्हता, कोळशाचं टरफल झालं होतं. नखाने दाबलं तर तुटलं आणि आत तांब्याचे तार एकमेकांना चिकटून काळे ठिसूळ झालेले दिसले. भोवती भुशाची जळून राख. ती वायर डस्ट कलेक्टरला जात होती. कलेक्टर आमच्यानंतर आला होता, आणि तो जोडला होता माझ्या जुन्या भागीदाराने, निम्म्या पैशात. लाइटचा एमसीबी कलेक्टर सुरू होताना उडायला लागला म्हणून त्यानेच ३२ चा बसवला.

पिळलेल्या सांध्याबद्दल एक सांगतो. अशा सांध्यात ०.३ ओहम जरी आले, तरी १० अँपिअरला तिथे ३० वॅट उष्णता तयार होते. आपला साधा सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा असतो. टेपमध्ये गुंडाळलेला, भुशात ठेवलेला आणि तासन्‌तास चालू असलेला सोल्डरिंग आयर्न. आणि तो कुठल्याच एमसीबीला दिसत नाही, कारण करंट जास्त नसतोच. १० चा असता तरी सांधा तापलाच असता. म्हणून वर्कशॉपमध्ये छतात सांधा नाहीच. जोड फक्त बॉक्समध्ये, टर्मिनलवर, आणि बॉक्स धुळीपासून वाचवणारा, आयपी ५४ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाची श्रेणी) तरी.

त्या गिऱ्हाइकाने माझी माफी मागितली. रद्द झालेल्या चार कामांपैकी एकही परत आलं नाही. भागीदाराने ज्यांना ज्यांना फोन केले होते, त्यांना दुसरा फोन केला नाही. याला आठ वर्षं होतील, आणि अजूनही एखाद्या नव्या माणसाकडे गेलो की तो विचारतो, ते छत पेटलं होतं ते तुमचंच ना? मी फोटो दाखवतो. जळलेला सांधा प्लास्टिकच्या डबीत ठेवलाय, तोही दाखवतो.

सरांचं काम मात्र मनासारखं झालं. लाइटचं सर्किट मशीनपासून पूर्ण वेगळं, त्याचा आरसीसीबीही (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) वेगळा. दोन्ही एकाच ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर असले, तर मशीनमध्ये लिकेज झालं की दिवेही जातात, आणि पातं मात्र अंधारात कितीतरी सेकंद फिरत राहतं. सॉ आणि कलेक्टर एकाच वेळी चालतात, म्हणून त्यांना दोन सर्किट. प्रत्येक मशीनला नो-व्होल्ट कॉइलवाला स्टार्टर. लाइट गेली आणि तुम्ही पातं बदलायला बसलात, तर लाइट आल्यावर मशीन आपोआप सुरू व्हायला नको. साध्या स्विचवर चालणारा टेबल सॉ कुणाकडे असेल, तर त्यांनी बाकी सगळं सोडून आधी हे करून घ्यावं.

तेव्हापासून आमचं स्टिकर बदललं. त्यावर सर्किटांचे नंबर आणि एमसीबीचे आकडे छापलेले असतात, आणि खाली लिहिलेलं असतं की आमची जबाबदारी याच जोडणीपुरती. ताब्यात देताना प्रत्येक बॉक्सचा झाकण उघडून फोटो काढतो, त्याची एक प्रत गिऱ्हाइकाकडे ठेवतो. वर्षाने एकदा जाऊन टर्मिनलचे स्क्रू टॉर्क स्क्रूड्रायव्हरने तपासतो, त्याचे पैसे घेत नाही.

पुढच्या आठवड्यात सरांकडे लेथ येतोय. व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक युनिटवर) चालणारा आहे, त्यामुळे त्या सर्किटला नेहमीचा एसी टाइप (फक्त साध्या एसी करंटची गळती ओळखणारा) आरसीसीबी चालणार नाही. कंपनीच्या कागदात कोणता टाइप लिहिलाय, तो परिच्छेद सरांनी मला फोनवर वाचून दाखवला, दोनदा. त्यांच्या डीबीत आम्ही दोन जागा मोकळ्या ठेवल्या होत्या. आता एक उरेल.