ग्लोबच्या अंगणात तीन तास

२०१८ च्या उन्हाळ्यात मी अभिनयाच्या चार आठवड्यांच्या वर्गासाठी लंडनला गेले होते. पहिला आठवडा श्वास, आवाज आणि उच्चार यांतच सरला. दुसऱ्या आठवड्यात मी हॅम्लेटचे एक स्वगत म्हणून दाखवले. आपण भित्रे आहोत का, असे हॅम्लेट त्यात विचारतो. शिक्षिकेने मला मध्येच थांबवले आणि हा प्रश्न मी कोणाला विचारत आहे, असे विचारले. ‘स्वतःला,’ मी म्हणाले. ‘मग आम्ही इथे कशासाठी बसलो आहोत?’ त्या शांतपणे म्हणाल्या. मला उत्तर देता आले नाही आणि त्या रात्री झोपही लागली नाही.

त्याच शनिवारी दुपारी मी थेम्सच्या काठावरील शेक्सपिअर्स ग्लोब या नाट्यगृहात ‘हॅम्लेट’ पाहायला गेले. वेस्ट एंड या लंडनच्या नाट्यगृहांच्या भागातील एका नाट्यगृहात बरेच पैसे मोजूनही मला खांबाआडची जागा मिळाली होती आणि त्याचा राग मनात होता. इथे मात्र रंगमंचासमोरच्या उघड्या अंगणात उभे राहण्याचे तिकीट अवघे पाच पौंड होते. शेक्सपिअरच्या काळातील ग्लोबच्या धर्तीवर, सॅम वॉनामेकर या अमेरिकन नटाच्या ध्यासातून उभे राहिलेले हे नाट्यगृह १९९७ मध्ये खुले झाले. त्याचे छप्पर गवताने शाकारलेले आहे, आणि १६६६ च्या भीषण आगीनंतर लंडनमध्ये अशा छपराला मिळालेली ती पहिली परवानगी होती. हे छप्पर सज्जांवर आणि रंगमंचावर आहे. अंगणावर केवळ आकाश.

त्या वर्षी इंग्लंडमध्ये उन्हाची लाट होती. अंगणात खाली बसू देत नाहीत, आणि मी काही न खाता गेले होते. पहिल्या तासाभरातच डोके गरगरू लागले, तेव्हा शेजारच्या एका वृद्ध बाईंनी न विचारता आपली पाण्याची बाटली माझ्या हाती दिली आणि रंगमंचाच्या कडेला टेकता यावे म्हणून त्या स्वतः बाजूला सरकल्या. लंडनमध्ये मला मिळालेला सर्वांत मोठा पाहुणचार तोच.

मग ते स्वगत आले. हॅम्लेटच्या भूमिकेत मिशेल टेरी या अभिनेत्री होत्या. भरदुपारचा उजेड नटांवर होता तसाच आमच्यावरही होता, त्यामुळे त्यांना आमचे चेहरे स्पष्ट दिसत होते. त्यांनी तो प्रश्न आमच्याकडे पाहून विचारला आणि त्या थांबल्या. शेजारच्या बाईंनी, बहुधा नकळत, नकारार्थी मान हलवली. माझ्या अंगावर काटा आला. लहानपणापासून मी अंधाऱ्या प्रेक्षागृहात बसून नाटके पाहिली, कमानीच्या रंगमंचावर एकांकिका केल्या, आणि ‘स्वगत’ म्हणजे स्वतःशी बोलणे हा त्या शब्दाचा अर्थ इतका शब्दशः धरून बसले की समोरची माणसे मला कधी दिसलीच नाहीत. तमाशातला सोंगाड्या समोरच्या माणसाला थेट प्रश्न विचारतो, हे गावच्या जत्रेत मी कितीदा तरी पाहिले होते. पण त्याचा हॅम्लेटशी काही संबंध असेल, असे मनात आले नव्हते.

ऑफेलियाची, म्हणजे हॅम्लेटच्या प्रेयसीची, भूमिका शुभम सराफ या तरुण नटाने केली होती. बालगंधर्वांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मला त्याविषयी पुष्कळ लिहायचे आहे, पण ते पुन्हा कधीतरी.

सोमवारी वर्गात मी तेच स्वगत पुन्हा म्हटले. दिवे चालू ठेवायची विनंती केली. प्रश्न आला तेव्हा समोर बसलेल्या एका सहाध्यायाकडे पाहून मी तो विचारला आणि थांबले. त्याने मान हलवली नाही, नजरही वळवली नाही. पुढची वाक्ये, जी मी पाठ करून रेटत असे, त्या मौनावरच्या संतापाने माझ्या तोंडून आली.