आजीची वही घेऊन देहू ते जुन्नर

आजीची वही विकतची नव्हती. वार्षिक परीक्षा संपली की आम्हा भावंडांच्या वह्यांमधली कोरी पानं ती सोडवून घ्यायची, चळत पाटावर ठोकून सारखी करायची आणि दाभणानं भोकं पाडून गोधडीच्या दोऱ्यानं शिवायची. वर जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर. त्यामुळे एका पानावर गणिताच्या चौकटी, पुढच्यावर दुरेघी, मध्येच चित्रकलेच्या वहीतला जाड कागद. वही पुढून उघडली की तुकोबांचे अभंग, उलटी करून मागून उघडली की दुधाचा हिशोब.

ती गेली आणि वही माझ्याकडे आली. सगळं शिसपेन्सिलीनं लिहिलेलं, आता पुसट होत चाललंय. ते उतरवून काढायचं ठरवलं आणि पुण्यात शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून एक कोरी वही आणली. मावशी म्हणाली, "अभंग तेवढे उतरव. दुधाचा हिशोब कशाला? तो गवळीही आता राहिला नाही." मलाही पटलं. पण उतरवायला बसण्याआधी देहूला जाऊन यावं असं दोघींच्या मनात आलं, आणि डिसेंबरातल्या एका पहाटे आम्ही निघालो. दोन्ही वह्या माझ्या पिशवीत होत्या.

सकाळी सातला देहूत धुकं होतं. इंद्रायणीच्या घाटावर पाणी दिसत नव्हतं, नुसता आवाज येत होता. विठ्ठलमंदिराच्या आवारात ती शिळा आहे, जिच्यावर तुकोबा तेरा दिवस अन्नपाण्यावाचून बसले असं सांगतात. वाघोलीच्या रामेश्वर भटांनी अभंगांच्या वह्या बुडवायला लावल्या आणि तेराव्या दिवशी त्या कोरड्या वर आल्या, ही गोष्ट ठाऊक नसलेला मराठी माणूस विरळा. मला त्यात एक तपशील फार महत्त्वाचा वाटतो. स्वतःची हकीकत सांगणाऱ्या अभंगात तुकोबा 'वह्या' हाच शब्द वापरतात. वह्या बुडवल्या, धरणं धरून बसलो आणि नारायणानं समाधान केलं, एवढंच सांगतात. आपण दुकानात जाऊन जो शब्द उच्चारतो, तोच.

आणि ती इंद्रायणीत गेलेली पहिलीच कागदपत्रं नव्हती. घरात महाजनकी, सावकारी. १६३० च्या सुमाराच्या भयंकर दुष्काळात घर होरपळलं, पहिली बायको अन्नावाचून गेली. त्यानंतर त्यांनी कर्जाची खतं काढली, निम्मी धाकटा भाऊ कान्होबाला दिली आणि आपल्या वाटणीची निम्मी नदीत सोडली, अशी परंपरा सांगते. म्हणजे एकाच माणसाचे कागद एकाच नदीत दोनदा गेले. एकदा आपल्या हातानं, लोकांचं देणं मिटावं म्हणून. एकदा दुसऱ्याच्या सांगण्यावरून, छातीवर दगड ठेवून. खतं वर आली नाहीत, आणि ती वर यावीत असं तुकोबांना वाटलंही नसेल. घाटाच्या पायरीवर बसून हे मावशीला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती.

तुकोबांच्या हातची म्हणून जी वही देहूत परंपरेनं जपलेली आहे, तिला 'भिजकी वही' म्हणतात. ती बघायला मिळावी असा हट्ट मी धरला नाही. आम्ही गाथामंदिरात गेलो. तिथे भिंतींवर अभंग कोरलेले आहेत. मावशीनं आजीची वही काढली आणि एकेक अभंग भिंतीवर शोधायला लागली. तासाभरात सात सापडले. सातव्याशी ती थबकली. वहीतल्या तिसऱ्या ओळीत एक शब्द वेगळा होता.

"आई चुकली बघ," ती म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, "पण ती भजनात म्हणायची तेव्हा असंच म्हणायची."

हा प्रश्न आजीपुरता नाही. १८६९ आणि १८७३ मध्ये गाथेचे दोन खंड छापून निघाले, विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी संपादित केलेले. मुंबई सरकारनं त्यासाठी २४ हजार रुपये मंजूर केले होते. त्या काळी ही रक्कम केवढी! संपादकांपुढे देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर इथल्या हस्तलिखित वह्या होत्या आणि त्यांच्यात शब्दोशब्दी फरक होते. देहूच्या वहीत एक, कडूसच्या वहीत दुसरं. पाठभेद म्हणतात तो हाच. प्रत्येक उतरवणाऱ्यानं आपल्या कानावर जसं आलं तसं लिहिलं. मावशीला मी म्हटलं, आजीची वही ही त्यातलीच एक प्रत धर. तिनं वही मिटून पदराखाली घेतली, लहान मूल घ्यावं तशी.

देहूहून इंदोरीमार्गे सुदुंबरे फार लांब नाही. डावीउजवीकडे कारखान्यांची गोदामं, मध्येच उसाचा एखादा तुकडा. सुदुंबऱ्यात संताजी जगनाडे यांची समाधी आहे. चाकणचे तेली, तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एक. घाण्यावर तेल काढणाऱ्या या माणसानं तुकोबांचे अभंग लिहून ठेवले, हे मी शाळेत एका ओळीत वाचलं होतं आणि विसरले होते. समाधीपुढे उभी राहिल्यावर ते नीट कळलं. जगनाड्यांच्या वह्या घराण्यात टिकल्या आणि ठाण्याच्या वि. ल. भावे यांनी त्यांच्या आधारे १९१९-२० मध्ये गाथा छापला. म्हणजे पावणेतीनशे वर्षं हे कागद कुणीतरी वाळवीपासून, पावसापासून, चुलीपासून राखले. दर पिढीत एकीनं तरी ते उन्हात घातले असतील, नव्या फडक्यात बांधले असतील. त्या बायकांची नावं कुठे नाहीत. मावशीनं समाधीवर फुलं वाहिली आणि हळूच विचारलं, "तेलाचे हात असायचे ना रे बाबा तुझे? मग कागद कसा सांभाळलास?" संताजींना ती असं एकेरी विचारत होती आणि मला तेच बरोबर वाटलं.

चाकणच्या वाहतुकीत तास गेला. खेड, मंचर, नारायणगाव करत जुन्नरला पोचायला दुपारचे तीन वाजले. जुन्नर म्हटलं की सगळे शिवनेरीवर जातात. आमचं तिथे काम कागदापाशी होतं.

गिरणीचा कागद येण्याआधी दख्खनेत जे लिहिलं जाई, त्यातलं पुष्कळसं जुन्नर आणि दौलताबादकडच्या हातकागदावर. कागद करणारे कागदी मुसलमान. चिंध्या, गोणपाट, जुनी दोरखंडं चुन्यात भिजवायची, ढेंकीनं, म्हणजे पायानं चालवायच्या मुसळानं कुटायची, नदीवर धुवायची, पुन्हा कुटायची. तो लगदा हौदात कालवून गवताच्या काड्यांच्या जाळीवर अलगद उचलायचा. ओला ताव भिंतीला लावून वाळवायचा. मग खळ द्यायची आणि शेवटी फळीवर पसरून गुळगुळीत दगडानं घोटायचा. घोटल्याशिवाय त्यावर शाई फुटते. बोरू सरसर चालावा, मोडीत आधी सबंध ओळभर रेघ ओढून तिला अक्षरं लटकवता यावीत, यासाठी ही चकाकी लागे. पुण्यात कसब्यात कागदीपुरा आहे तो याच लोकांच्या नावानं. कागद, दौत, शाई, दफ्तर हे सगळे शब्द फारसीतून आपल्याकडे आले आणि आता इतके आपले झालेत की मुलांच्या पाठीवरही दफ्तरच असतं.

पेशवाईच्या रुमालांमधलं, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांमधलं एखादं पत्र काय किंवा वाण्याची रोजकीर्द, रोजच्या जमाखर्चाची वही काय, त्याखाली अशा कुणाचा तरी घोटून घोटून बधिर झालेला हात आहे. आम्ही कुकडीच्या काठानं आणि जुन्या वस्तीच्या गल्ल्यांतून दीड तास हिंडलो. हौद दिसला नाही, ढेंकी दिसली नाही. एका दारात बसलेल्या वयस्कर चाचांना विचारलं. त्यांनी नदीकडे बोट केलं आणि म्हणाले, "हमारे बड़े लोग वहां धोते थे." आणि आम्हाला पाणी दिलं.

परतताना नारायणगावला चहाला थांबलो. मावशी म्हणाली, "आता सुरू कर, घरी गेलीस की राहून जाईल." मी नवी वही काढली. पान जाड, किंचित खरबरीत, बॉलपेनाखाली जाणवणारं. पहिला अभंग उतरवला. सातवा घेतला तेव्हा तिसऱ्या ओळीपाशी हात थांबला. मावशीकडे पाहिलं. "आईचाच शब्द ठेव," ती म्हणाली.

मग मी आजीची वही उलटी केली. मागचं पहिलं पान. मावशीनं चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि वाचून दाखवायला लागली, "सोमवार, सकाळी अर्धा, संध्याकाळी पाव. मंगळवार, सकाळी अर्धा, संध्याकाळी नाही. बुधवार, एक लिटर, पाहुणे."

मी लिहीत गेले.